नागपूरच्या काळ्या मातीत बियाण्यापासून लॉन: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

नागपुरात घरापुढच्या जागेत लॉन करायचे ठरले की बहुतेक लोक आधी बियाण्याचे पाकीट आणतात, मग माळी शोधतात आणि मातीचा विचार सर्वांत शेवटी करतात. काम मात्र याच्या उलट क्रमाने व्हायला हवे. इथली काळी चिकण माती, मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत जाणारा पारा आणि जुलै-ऑगस्टचा धुवाधार पाऊस या तिन्ही गोष्टी लक्षात घेऊन जमीन तीन-चार महिने आधीपासून तयार केली, तर पेरणी हा सगळ्यात सोपा भाग उरतो. ही तयारी टाळली, तर कितीही महागाचे बियाणे आणले तरी दिवाळीपर्यंत जागोजागी उघडी माती आणि मधूनमधून लव्हाळा एवढेच हाती लागते. या लेखात पाचशे ते हजार चौरस फुटांच्या घरगुती लॉनचाच विचार केला आहे. मंगल कार्यालयांतली हिरवळ बहुधा तयार गालिचे अंथरून केलेली असते. तिचे गणितही वेगळे आणि खर्चही वेगळा.

पेरणीची वेळ

आपल्या हवामानात बियाण्यापासून करायचे लॉन म्हणजे मुख्यतः हरळीचे लॉन. कापसाच्या आणि तुरीच्या शेतातून शेतकरी जिला वर्षानुवर्षे हुसकावून लावतो, तीच ही हरळी. तिचा चिवटपणा शेतात डोकेदुखी ठरतो आणि अंगणात उपयोगी पडतो. जमिनीचे तापमान २० ते ३५ अंशांच्या दरम्यान असताना तिचे बी चांगले उगवते. नागपुरात अशी स्थिती दोनदा येते: एकदा फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चअखेरपर्यंत, आणि पुन्हा पावसाळ्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरलेले बी उगवते छान. परंतु रोपे जेमतेम दीड-दोन महिन्यांची होतात न होतात तोच कडक उन्हाळा सुरू होतो, मुळे अजून खोल गेलेली नसतात, आणि दिवसातून दोन-दोनदा पाणी देत हिरवळ कशीबशी जगवावी लागते. ज्यांच्या घरी बारमाही पाण्याची विहीर आहे त्यांनीच या हंगामाच्या वाटेला जावे. जूनमध्ये मृगाचा पाऊस पडला की पेरणीचा मोह होतो, कारण आजूबाजूची शेतीही त्याच सुमारास पेरली जाते. पण शेतातले बी इंच-दीड इंच खोल जाते, तर हरळीचे बारीक बी जवळजवळ मातीच्या पृष्ठभागावरच असते. शहराला वर्षभरात साधारण ११०० मिलिमीटर पाऊस मिळतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जुलैतली एकच जोराची सर नुकतेच पेरलेले बी वाहून नेऊन कंपाउंडच्या एका कोपऱ्यात गोळा करते.

म्हणून नवशिक्यांना माझा सल्ला सप्टेंबरच्या पहिल्या ते तिसऱ्या आठवड्याचा, म्हणजे पोळा-गणपतीच्या सुमाराचा आहे. पावसाचा जोर तोवर ओसरू लागलेला असतो, जमीन उबदार आणि ओलसर असते, तणांची मोठी लाट येऊन गेलेली असते आणि थंडी जाणवू लागण्यापूर्वी गवताला आठ-दहा आठवडे मिळतात. ऑक्टोबरचा मध्य उलटून गेला असेल, तर घाईने पेरू नये. ते बियाणे कोरड्या, थंड जागी ठेवून, विहीर असेल तर, फेब्रुवारीच्या शेवटी वापरावे. सप्टेंबरची पेरणी धरली, तर खणण्याचे काम मे महिन्यात यायला हवे. पुढची मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

जागेची पारख

हरळीला दिवसातून किमान सहा तास थेट ऊन लागते. कडुनिंबाच्या किंवा आंब्याच्या दाट सावलीत ती विरळ, लांबट आणि फिकट होत जाते आणि वर्षभरात नाहीशी होते, त्यामुळे अशा जागी बी पेरण्यात अर्थ नाही. ऊन तपासताना एक गोष्ट सहसा सुटते. मे महिन्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्यामुळे भिंतीची सावली पडल्यासारखीच वाटत नाही. डिसेंबरात मात्र नागपूरच्या अक्षांशावर दुपारचा सूर्य दक्षिणेकडे साधारण ४५ अंशांवर असतो, म्हणजे दक्षिण बाजूची पाच फुटांची कंपाउंड वॉल भर दुपारीही पाचेक फुटांची सावली टाकते. त्या पट्ट्यात हिवाळाभर ओल टिकते आणि गवत मागे पडते. तिथे लॉन न करता फुलझाडांचा वाफा किंवा पायवाट ठेवलेली बरी.

निचऱ्याची परीक्षा अगदी सोपी आहे. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि तितकाच खोल खड्डा खणून पाण्याने भरावा, ते पाणी मुरू द्यावे आणि खड्डा पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी पाच-सहा तासांत बरेचसे उतरले, तर काळजीचे कारण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही ते तसेच साचलेले असेल, तर लॉनची पातळी आजूबाजूपेक्षा चार-सहा इंचांनी उंच घ्यावी लागेल. अशा वेळी खाली मुरमाचा थर आणि वर तयार केलेली माती अशी रचना करतात. उतार सर्वच जागी द्यावा, आणि तो घराच्या भिंतीपासून बाहेरच्या दिशेने, दर दहा फुटांना एक ते दीड इंच असावा. यापेक्षा जास्त उतार दिला तर पाणी मुरण्याआधीच वाहून जाते.

माती

नव्या लेआउटमधल्या घरांत पहिला प्रश्न मातीचा नसतो, मलब्याचा असतो. वरच्या दोन इंच मातीखाली विटांचे तुकडे, गिट्टी, प्लास्टरचे ढेकूळ आणि घट्ट झालेले सिमेंट सापडते, आणि उन्हाळ्यात लॉनवर गोलाकार वाळलेले डाग पडतात ते अनेकदा अशाच पुरलेल्या तुकड्यांवर. निदान आठ इंच खोलीपर्यंतचा मलबा काढून टाकावाच लागतो. हे काम मजुरांकडून करून घेताना समोर उभे राहावे, कारण मलबा पुन्हा मातीखाली ढकलून देणे हे तो बाहेर काढण्यापेक्षा फार सोपे असते.

मलबा निघाला की खरी काळी माती हाती लागते. ओलसर माती मुठीत दाबून दोन बोटांमध्ये सारली असता तिची लांब, चकचकीत पट्टी निघाली आणि ती तुटता तुटेना, तर ती भारी चिकण माती समजावी. या मातीतील खनिजे पाण्याने फुगतात आणि पाणी सुकले की आकसतात. त्यामुळे पावसाळ्यात ती बुटाला किलोकिलोने चिकटते आणि मे महिन्यात तिला हाताचा पंजा आत जाईल अशा भेगा पडतात. भेग रुंदावताना तिच्या दोन्ही कडांवरची गवताची मुळे अक्षरशः ताणून तुटतात, आणि उरलेल्या मुळांभोवतीची ओल त्याच भेगेतून उडून जाते. खत कमी पडले तर गवत पिवळे होते, पण भेगा पडल्या तर ते मरते; म्हणून इथल्या लॉनच्या तयारीतला निम्मा खर्च मातीची ठेवण सुधारण्यावर झाला तरी मला तो वावगा वाटत नाही.

त्यासाठी सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट. त्याचा दोन इंचांचा थर सगळ्या जागेवर पसरून तो सहा ते आठ इंच खोलीपर्यंत मातीत मिसळावा. ५०० चौरस फुटांसाठी हे सुमारे ८५ घनफूट होते, म्हणजे एका ब्रासपेक्षा (१०० घनफुटांपेक्षा) थोडे कमी. शेणखत हातात घेतल्यावर काळपट, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचे असावे. त्यात शेणाच्या अखंड गोवऱ्या, काड्या किंवा गरमपणा जाणवला तर ते परत पाठवावे, कारण कच्च्या शेणखतातून तरोट्याचे आणि गाजरगवताचे बी, शिवाय हुमणीच्या पांढऱ्या अळ्या फुकटात घरी येतात.

काळ्या मातीत वाळू टाकण्याचा सल्ला प्रत्येक जण देतो. दोन-चार घमेली वाळू टाकल्याने निचरा सुधारत नाही. वाळूचे कण चिकण मातीत रुतून बसतात आणि वाळल्यावर थर पूर्वीपेक्षा कडक होतो. वाळूचा परिणाम दिसायला ती वरच्या थरात अर्ध्याहून अधिक असावी लागते, आणि कन्हानच्या वाळूवर तेवढे पैसे घालण्यापेक्षा ते शेणखतावर घातलेले बरे. दुसरा न मागता मिळणारा सल्ला चुन्याचा. परदेशी माहितीत लॉनला दरवर्षी चुना द्यायला सांगितलेले असते, कारण तिथल्या पुष्कळशा जमिनी आम्लधर्मी असतात. आपल्याकडच्या काळ्या मातीचा सामू (पीएच) बहुधा ७.५ ते ८.५ दरम्यान असतो आणि तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे उघड्या डोळ्यांना दिसतात. तिच्यात आणखी चुना घालणे म्हणजे गवताला लोह मिळू न देण्याची तजवीज करणे होय. जिप्समचा उपयोग जमिनीत सोडियमचे प्रमाण जास्त असेल तरच होतो.

सोडियम जास्त आहे की नाही हे मातीच्या चाचणीतून कळते. देशभरातल्या मातीचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे मुख्यालय ज्या शहरात अमरावती मार्गावर आहे, त्या शहरात लोक लॉनवर हजारो रुपये खर्च करतात आणि मातीची साधी चाचणी करत नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटते. जागेतील पाच-सहा ठिकाणांहून सहा इंच खोलीपर्यंतची माती घ्यावी, सावलीत वाळवून एकत्र करावी आणि त्यातली अर्धा किलो मृद चाचणी प्रयोगशाळेत द्यावी. नमुना घेण्याआधी शेणखत किंवा रासायनिक खत टाकलेले नसावे.

खणण्याचे काम मे महिन्याच्या मध्यावर उरकावे. सब्बल आणि कुदळीने आठ इंच खोल खणून ढेकळे न फोडता तशीच नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तापू द्यावीत. उन्हाळी नांगरणीमागे शेतकऱ्याचा जो हेतू असतो तोच इथेही आहे. लव्हाळ्याच्या वर आलेल्या गाठी उन्हाने वाळतात आणि पुष्कळशा किडींचे कोष उघडे पडतात. पहिल्या पावसाने ढेकळे आपोआप फुटू लागतात, तेव्हा शेणखत मिसळून जागा ढोबळमानाने सपाट करावी.

तणांना आधी उगवू देणे

जून-जुलैतले काम दिसायला काहीच नसते, आणि म्हणूनच लोक ते वगळतात. सपाट केलेली जागा मोकळी ठेवावी आणि पावसाने तण उगवू द्यावे. साधारण तीन आठवड्यांत केना, घोळ, दुधी, गाजरगवत आणि तरोटा यांचा हिरवा थर येतो. तो फुलावर येण्याआधी खुरपीने वरच्यावर निंदून काढावा आणि जमीन खोलवर न हलवता पुन्हा तशीच सोडावी. खोल खणले तर खाली दडलेले नवे बी वर येते आणि मेहनत वाया जाते. दुसरी लाट पहिल्यापेक्षा विरळ असते, तिसरी आली तर तुरळक. लव्हाळ्याचे मात्र असे भागत नाही. त्याची गाठ जमिनीत राहिली की आठवड्याभरात नवे पाते वर येते, म्हणून तो दिसेल तिथे अरुंद खुरपी खोल घालून गाठीसकट काढावा. जे तण ऑगस्टमध्ये निघाले नाही ते पुढे कोवळ्या हरळीच्या गर्दीतून उपटावे लागते आणि तेव्हा सोबत हरळीही उपटली जाते.

बियाण्याची खरेदी

दुकानात किंवा ऑनलाइन ‘लॉन ग्रास सीड’ या नावाखाली अनेक प्रकारची गवते विकली जातात. त्यांतली फेस्क्यू, राय आणि ब्लूग्रास ही थंड प्रदेशातली गवते असून डिसेंबरात ती नागपुरातही मखमलीसारखी दिसतात, पण एप्रिल उजाडताच करपतात. पाकिटावर बर्म्युडा, हरळी किंवा हिंदीतले दूब हे नाव आणि शक्यतो ‘सायनोडॉन डॅक्टिलॉन’ हे शास्त्रीय नाव असावे. ‘सिलेक्शन नंबर वन’, मेक्सिकन आणि कोरियन या नावांनी नर्सरीत मिळणारे लॉन ठोंब किंवा गालिच्यानेच लावतात. त्यांचे बी म्हणून कोणी काही विकत असेल तर घेऊ नये.

पाकिटावर उगवणशक्तीची टक्केवारी, शुद्धता आणि चाचणीची तारीख पाहावी. टरफल काढलेले बी एक ते दोन आठवड्यांत उगवते, टरफलासकट असलेल्याला तीन-चार आठवडेही लागू शकतात. नवशिक्याने पहिलेच घ्यावे, थोडे महाग असले तरी. रंगीत लेप दिलेल्या बियाण्यात लेपाचेच वजन निम्म्यापर्यंत असू शकते, तेव्हा प्रमाण ठरवताना ते वजा करावे. लेप नसलेल्या बियाण्याचे प्रमाण १०० चौरस फुटांना ५० ते १०० ग्रॅम पुरते. बी इतके बारीक असते की एका ग्रॅममध्येच काही हजार दाणे भरतात; दाट पेरल्याने लॉन लवकर भरत नाही, उलट रोपे एकमेकांच्या गर्दीत कोलमडतात.

बियाण्याचा भरवसा वाटत नसेल तर ऑगस्टमध्येच शंभर दाणे ओल्या टिश्यू पेपरवर पसरून, झाकणाच्या डब्यात घालून उबदार जागी ठेवावेत. दोन आठवड्यांत साठ-सत्तर दाण्यांनाही कोंब आले नाहीत, तर दुसरे बियाणे शोधायला अजून वेळ असतो.

पेरणी

पेरणीच्या आठवड्यात १०० चौरस फुटांना २५० ते ३०० ग्रॅम या प्रमाणात सिंगल सुपर फॉस्फेट टाकून दाताळ्याने वरच्या दोन इंचांत मिसळावे. ढेकळे वाटाण्याएवढी होईपर्यंत फोडावीत. मात्र पिठासारखी बारीक माती करू नये, कारण ती पाण्याने लगेच घट्ट बसते. सरळ लाकडी फळी जागेवर दोन्ही दिशांनी फिरवून खळगे शोधावेत आणि भरावेत. मग जमिनीवरून चालून पाहावे: बूट अर्ध्या इंचाहून खोल रुतत असेल, तर हलका रोलर फिरवावा किंवा पाणी देऊन दोन दिवस जमीन बसू द्यावी.

पेरणीसाठी वारा पडलेली सकाळ निवडावी आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत मोठ्या पावसाचा अंदाज नाही ना हे पाहून घ्यावे. दोरी बांधून जागेचे दहा बाय दहा फुटांचे चौकोन करावेत आणि प्रत्येक चौकोनाचे बी वेगळे तोलून घ्यावे, म्हणजे पहिल्या कोपऱ्यात भरपूर आणि शेवटच्या कोपऱ्यात काहीच नाही असे होत नाही. एका चौकोनाच्या बियाण्यात त्याच्या पाचपट कोरडी बारीक वाळू मिसळावी, मिश्रणाचे दोन समान भाग करावेत आणि पहिला भाग उत्तर-दक्षिण चालत, दुसरा पूर्व-पश्चिम चालत हाताने फेकावा. वाळूच्या फिकट रंगामुळे काळ्या मातीवर कुठे पडले आणि कुठे राहिले हे स्पष्ट दिसते.

त्यानंतर दाताळे उलटे धरून त्याच्या पाठीने माती अगदी हलकेच ओढावी. बी पाव इंचाहून खोल गेले तर ते उगवून वर येण्याआधीच संपते. काही दाणे उघडे दिसत राहिले तरी हरकत नाही. वरून चाळलेल्या कंपोस्टचा जेमतेम दिसेल एवढा थर भुरभुरावा आणि फळीने किंवा रिकाम्या हलक्या रोलरने दाबून घ्यावे. काळ्या मातीत हा कंपोस्टचा थर वगळू नये. उघडी काळी माती पाण्यानंतर वाळताना तिच्यावर कडक पापडी धरते आणि केसाएवढा कोंब ती फोडू शकत नाही. बारकाईने पाहिले तर काही ठिकाणी पाच-सहा कोंबांनी मिळून पापडीचा एक तुकडा छपरासारखा वर उचललेला दिसतो आणि खाली ते पिवळे, वाकडे होऊन अडकलेले असतात. अशा वेळी हाताने पापडी न फोडता झारीने हळूच पाणी शिंपडून ती मऊ करावी.

पक्ष्यांसाठी हिरवी जाळी पुरते. मुंग्या मात्र जास्त नुकसान करतात, कारण त्या बी खात बसत नाहीत, रांगेने उचलून नेतात. कडेला त्यांची बिळे असतील तर पेरणीआधीच उकळते पाणी ओतून बंदोबस्त करावा.

पहिले तीन आठवडे

या काळात वरचा अर्धा इंच थर सतत ओलसर राहिला पाहिजे आणि तरीही कुठे पाणी साचता कामा नये. त्यासाठी बारीक फवाऱ्याचे नोझल लावून दिवसातून दोन ते चार वेळा थोडे थोडे पाणी द्यावे. सप्टेंबरात आभाळ असेल तर दोनदा पुरते, ऑक्टोबर हीट सुरू झाली तर चारदाही द्यावे लागते. पाइपची धार थेट जमिनीवर कधीही सोडू नये. संध्याकाळचे शेवटचे पाणी सूर्यास्तापूर्वी द्यावे, कारण रात्रभर ओल्या राहिलेल्या कोवळ्या रोपांना बुंध्याशी कूज लागते आणि थाळीएवढ्या गोल भागातली रोपे एका रात्रीत आडवी झालेली दिसतात. तसे झाले तर त्या भागाचे पाणी निम्म्यावर आणावे. शेवटच्या मशागतीत शेणखतासोबत ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी मिसळली असेल, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

आठव्या-दहाव्या दिवशी सकाळच्या तिरप्या उन्हात जमिनीलगत डोळे नेऊन पाहिले, तर हिरवी लव दिसू लागते. उभ्याने पाहिल्यास माती अजून उघडीच वाटते, आणि या टप्प्यावर अधीर होऊन वर आणखी बी टाकणारे पुष्कळ असतात. चौदा दिवस थांबावे. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीसही हाताच्या पंजाहून मोठी जागा मोकळी राहिली आणि ऑक्टोबरचा मध्य उलटलेला नसेल, तर तेवढ्यापुरते बी पुन्हा टाकावे. त्यापेक्षा लहान जागा हरळी स्वतः भरून काढते, कारण तिच्या धावत्या फांद्या पेरापेरावर मुळे सोडत पुढे सरकतात.

रोपे दोन इंचांची झाली की पाण्याच्या वेळा कमी आणि प्रत्येक वेळचे प्रमाण जास्त, असा बदल आठवडाभरात हळूहळू करावा. मुळांना खाली ओढायचे असेल, तर वरचा थर दोन पाण्यांच्या मध्ये थोडा सुकू द्यावा लागतो. या काळात लॉनवरून चालणे, खुर्च्या ठेवणे, मुलांनी खेळणे हे सगळे बंद असावे, आणि तण काढायचेच असेल तर फळीवर बसून काढावे.

पहिली कापणी आणि खत

गवत सुमारे सहा सेंटिमीटर झाले की पहिली कापणी करावी, आणि ती करताना उंचीचा एक-तृतीयांशच भाग काढावा. पात्याला धार नसली तर कोवळी रोपे कापली न जाता उपटली जातात. जमीन ओली असताना यंत्र चालवू नये, कारण काळ्या मातीत चाकांच्या चाकोऱ्या पडल्या की त्या पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तशाच घट्ट राहतात. पुढे तीन-चार कापण्यांत उंची हळूहळू तीन-साडेतीन सेंटिमीटरवर आणावी. कापणी हीच हरळी पसरवण्याची युक्ती आहे. शेंडा छाटला की ती आडवी वाढते. तणनाशकांना तीन-चार कापण्या होईपर्यंत हात लावू नये.

पेरणीनंतर चार-पाच आठवड्यांनी १०० चौरस फुटांना ५० ग्रॅम युरिया कोरड्या पात्यांवर समान फेकून लगेच भरपूर पाणी द्यावे. नोव्हेंबरनंतर युरिया बंद. जुनी पाती हिरवी आणि नवी पाती पिवळी दिसत असतील, तर तो नत्राचा नव्हे, लोहाचा अभाव असतो. चुनखडीच्या मातीत आणि जड पाण्याच्या विहिरीवर हे नेहमीचेच आहे. दर लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड मिसळून सायंकाळी फवारणी करावी. कडेच्या फरशीवर थेंब पडू देऊ नयेत, कारण त्याचे तपकिरी डाग निघत नाहीत.

सप्टेंबर-ऑक्टोबरात लष्करी अळी आली तर लॉन दोन दिवसांत कातरल्यासारखे दिसते. संशय आला तर बादलीभर पाण्यात दोन चमचे भांडी घासायचे लिक्विड मिसळून ते एक चौरस यार्डावर ओतावे. अळ्या असतील तर दहा मिनिटांत वर येतात, आणि मगच औषधाचा विचार करावा.

थंडी आणि पहिला उन्हाळा

नागपूरची थंडी लहान असली तरी तिखट असते. २९ डिसेंबर २०१८ रोजी इथे किमान तापमान ३.५ अंशांवर उतरले होते. रात्रीचे तापमान दहा-बारा अंशांच्या खाली गेले की हरळीची वाढ थांबते आणि लॉन पिवळसर होते. ते मेलेले नसते. आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी द्यावे, खत देऊ नये आणि कापणी बंद ठेवावी; फेब्रुवारीच्या अखेरीस ते आपणहून हिरवे होते, आणि राहिलेल्या मोकळ्या जागांत तीन-चार पेरांच्या कांड्या रोवण्याची वेळही तीच.

उन्हाळ्यात कापणीची उंची चार-पाच सेंटिमीटर ठेवावी, म्हणजे पाती स्वतःच जमिनीवर सावली धरतात. एकदा बसलेल्या लॉनला आठवड्याला २५ मिलिमीटर पाणी पुरते, एप्रिल-मेमध्ये ते ४० पर्यंत न्यावे लागते. १०० चौरस फुटांवर २५ मिलिमीटर म्हणजे सुमारे २३० लिटर. म्हणजेच ५०० चौरस फुटांच्या लॉनला मे महिन्यात दर आठवड्याला साडेअठराशे लिटरच्या आसपास पाणी लागेल. हा आकडा लॉन आखण्यापूर्वीच पाहावा. विहीर नसेल आणि सगळी मदार पेंचच्या नळावरच असेल, तर लॉन तीन-चारशे चौरस फुटांवर थांबवावे, कारण प्यायचे शुद्ध पाणी मे महिन्यात गवतावर सोडणे कुठल्याच हिशोबात बसत नाही. पाणी पहाटे द्यावे आणि आठवड्यात दोन-तीनदाच, पण भरपूर. किती पडले हे मोजायला श्रीखंडाचे दोन-तीन रिकामे डबे लॉनवर ठेवून त्यात साचलेली उंची पट्टीने पाहावी. एवढे करूनही बारीक भेग पडलीच, तर तीत चाळलेले कंपोस्ट भरून पाणी द्यावे; भेग तशीच राहू दिली तर आठवड्याभरात रुंदावते.

पुढचा पावसाळा चांगला लागला की बागकामाच्या काट्याने चार-चार इंचांवर भोके पाडून, वर अर्धा इंच चाळलेली माती आणि कंपोस्ट यांचे मिश्रण पसरावे आणि झाडूने पात्यांमधून खाली उतरवावे. याच दिवसांत हरळी वाफ्यांत आणि फरशीच्या फटींत शिरू लागते. लॉनच्या कडेने चार इंच खोल चर ठेवला आणि त्यात डोकावणाऱ्या फांद्या पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी कापत राहिले, तर ती आपल्या जागेत राहते.